बर्स्टनचा संप : ग्रामपातळीवरच्या एका निवडणुकीतून उभी राहिलेली शाळा

१/ इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात डिस या बाजारगावाजवळ बर्स्टन नावाचे लहानसे खेडे आहे. १ एप्रिल १९१४ रोजी या खेड्यातील ७२ पैकी ६६ शाळकरी मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. तो बहिष्कार पंचवीस वर्षे टिकला. त्याचे मूळ मात्र वर्गात नव्हते. ते होते वर्षभर आधी झालेल्या गावाच्या कौन्सिलच्या निवडणुकीत. #इतिहास #थ्रेड

२/ प्रथम पार्श्वभूमी पाहू. ‘पॅरिश’ म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतील गाव. शतकानुशतके तेथील कारभार ‘व्हेस्ट्री’ नावाची सभा पाहत असे. चर्चच्या ज्या दालनात धर्मगुरूची वस्त्रे ठेवली जात, त्याच दालनाचे नाव या सभेला मिळाले. अध्यक्षस्थानी धर्मगुरू आणि भोवती जमीनदार व मोठे शेतकरी, अशी तिची रचना असे. शेतमजुराला त्या बैठकीत व्यवहारतः आवाज नव्हता.

३/ १८८४ च्या सुधारणा कायद्याने ग्रामीण मजुरांपैकी अनेकांना पार्लमेंटसाठी मत मिळाले. देशाच्या कारभारात मत आहे, पण स्वतःच्या गावाच्या कारभारात नाही, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली. ती दूर करण्यासाठी १८९४ चा स्थानिक स्वराज्य कायदा आला. ३०० वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडून दिलेले कौन्सिल मिळाले, आणि चर्चचा कारभार व गावाचा कारभार कायद्याने वेगळे झाले. पात्र स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनाही, या कौन्सिलांसाठी मत देता येऊ लागले व उभेही राहता येऊ लागले.

४/ कौन्सिलचे अधिकार दिसायला किरकोळ होते : पायवाटा, पाणवठे, मजुरांना भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने द्यायच्या जमिनीचे तुकडे, आरोग्यास घातक घरांविषयी वरच्या कौन्सिलकडे तक्रार. करवसुलीची मर्यादाही अगदी तुटपुंजी. परंतु ज्याच्या घराचे छप्पर गळते आणि ज्याचा मालकच घरमालक आहे, त्याच्या दृष्टीने हे विषय किरकोळ नव्हते.

५/ कायदा बदलला म्हणून गाव लगेच बदलले नाही. अनेक ठिकाणी नव्या कौन्सिलवर जुनीच मंडळी बसली. मतदान बहुधा सभेत हात वर करून होत असे. मालकाच्या डोळ्यांदेखत त्याच्याविरुद्ध हात वर करणे म्हणजे रोजगार आणि त्याला जोडून मिळालेले घर, दोन्ही पणाला लावणे होते. नॉरफोकच्या मजुराची कमाई त्या काळी आठवड्याला १२ ते १५ शिलिंगांच्या आसपास होती. पाठीशी शिल्लक अशी काही नसेच.

६/ अशा गावात १९११ साली टॉम आणि ॲनी हिग्डन हे शिक्षक दांपत्य आले. ॲनीबाईंना सारे ‘किटी’ म्हणत. त्या मुख्याध्यापिका होत्या, टॉम साहाय्यक शिक्षक. टॉम स्वतः शेतमजुराचा मुलगा. आधीच्या वुड डॉलिंग गावी मुलांना शाळेतून काढून शेतावर राबवणाऱ्या शेतकऱ्यांशी त्यांचा खटका उडाला होता आणि त्यांना तेथून हलवण्यात आले होते. बर्स्टनमध्येही टॉम शेतमजुरांच्या संघटनेच्या कामाला लागले.

७/ त्याच वर्षी गावात नवे रेक्टर आले : चार्ल्स टकर ईलंड. रेक्टर म्हणजे गावचा धर्मगुरू. त्याच्या पदाला जोडलेली इनामासारखी जमीन असे आणि तिचे तुकडे गावकऱ्यांना खंडाने दिले जात. ईलंड शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचेही अध्यक्ष झाले. अशा रीतीने चर्च, जमीन आणि शाळा या तिन्ही किल्ल्या एकाच हाती आल्या.

८/ १९१३ साली पॅरिश कौन्सिलची निवडणूक झाली. टॉम हिग्डन मजुरांच्या बाजूने उभे राहिले. निकाल लागला तेव्हा सर्वाधिक मते हिग्डन यांना होती आणि रेक्टर यादीच्या तळाशी होते. ज्या मजुरांनी रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसायचे, त्यांनीच रेक्टरला कौन्सिलबाहेर ठेवले होते.

९/ कौन्सिल हातचे गेले, पण शाळेचे व्यवस्थापन हातात होते. तक्रारी सुरू झाल्या. पावसात भिजत, दूरवरून चालत आलेल्या मुलांचे कपडे वाळावेत म्हणून किटीबाईंनी परवानगीवाचून शेगडी पेटवली, हा एक ठपका. पुढे दोन अनाथाश्रमीय मुलींना मारल्याचा आरोप आला. किटीबाईंनी तो साफ नाकारला. फेब्रुवारी १९१४ मध्ये चौकशी झाली आणि दोघांनाही सेवेतून दूर करण्यात आले.

१०/ नवे शिक्षक यायच्या दिवशी मुलांनी स्वतःच निर्णय घेतला. पुढारीपण होते तेरा वर्षांच्या व्हायोलेट पॉटरकडे. गळ्यात न्यायाची मागणी करणारे फलक, हातात झेंडे, अशी मिरवणूक गावभर फिरली. सरकारी शाळेत उरली अवघी सहा मुले. बाकीच्यांचे वर्ग चर्चजवळच्या हिरवळीवर भरू लागले. पालकांनी घरची टेबले-खुर्च्या आणून दिल्या. थंडी पडल्यावर शाळा सुताराच्या कार्यशाळेत हलली.

११/ मग कायद्याचा बडगा आला. मुले शाळेत पाठवली नाहीत म्हणून १८ पालकांना डिसच्या न्यायालयात उभे करून प्रत्येकी अडीच शिलिंग दंड झाला, म्हणजे मजुराची एक ते सव्वा दिवसाची कमाई. पुढच्या खेपेला पालक वाढले आणि दंड दुप्पट झाला. तो वर्गणीतून भरला गेला. मुले शिकत आहेत हे साऱ्यांना दिसत होते. अखेर खटले थांबले.

१२/ दुसरा घाव जमिनीचा होता. संपाच्या बाजूने असलेल्या काही कुटुंबांना रेक्टरने चर्चच्या जमिनीचे तुकडे सोडण्याची नोटीस दिली. १८९४ च्या कायद्याने मत दिले होते, पण जमिनीवरची मालकी जिथल्या तिथे होती. हातातले मत आणि पायाखालची जमीन यांतले हे अंतरच बर्स्टनच्या भांडणाचे खरे कारण होते.

१३/ मात्र एक गोष्ट रेक्टरच्या हिशेबात नव्हती. बातमी खेड्याबाहेर पोहोचली. खाणकामगार आणि रेल्वे कामगारांच्या संघटनांनी पैसे पाठवले. जॉर्ज लॅन्सबरी, टॉम मॅन, सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली. या देणग्यांतून हिरवळीच्या काठी पक्की शाळा बांधली गेली. १३ मे १९१७ रोजी तिचे उद्घाटन व्हायोलेट पॉटरने केले. भिंतीतल्या दगडांवर मदत करणाऱ्या संघटनांची नावे कोरली आहेत.

१४/ बाहेर महायुद्ध पेटले आणि शमले, सरकारे बदलली. शाळा चालू राहिली. १९३९ मध्ये टॉम हिग्डन वारले. किटीबाई तोवर पंच्याहत्तरीच्या घरात होत्या आणि एकट्याने शाळा चालवणे शक्य नव्हते. उरलेली मुले सरकारी शाळेत गेली आणि इंग्लंडमधील सर्वांत दीर्घ मानला जाणारा संप संपला. किटीबाई १९४६ मध्ये वारल्या. ज्या चर्चच्या रेक्टरने त्यांना गावाबाहेर काढू पाहिले, त्याच चर्चच्या आवारात दोघांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत.

१५/ हिग्डन दांपत्याला जुनी नोकरी कधीच परत मिळाली नाही. त्या अर्थाने संप यशस्वी झाला नाही. पण गाव सोडून जायला लावणे हा शिक्षेचा हेतू होता, आणि तो गावकऱ्यांनी पंचवीस वर्षे सफल होऊ दिला नाही. शाळेची इमारत आज संग्रहालय आहे. दर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तेथे मेळावा भरतो आणि मुलांनी १९१४ मध्ये धरलेल्या वाटेने लोक चालतात.

१६/ स्थानिक निवडणुकांचे निकाल इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीत. पायवाटा आणि पाणवठे यांसाठी कोण भांडले, याची नोंद कोण ठेवणार? बर्स्टनचा निकाल नोंदला गेला, कारण हरलेल्याला तो पचला नाही आणि जिंकलेल्यांनी त्याची किंमत मोजली. सत्तेच्या वाटणीची पहिली परीक्षा पार्लमेंटात होत नाही. जिथे मतदार आणि उमेदवार एकमेकांना रोज रस्त्यात भेटतात, तिथेच ती होते.