शर्यतीचे मैदान आणि परस्परसाहाय्य : दातृत्वाकडून हक्काकडे

मुंबईच्या टर्फ क्लबची परंपरा १८०२ पासून सांगितली जाते. पुण्याच्या छावणीतील मैदान १८३० चे, तर महालक्ष्मीचे १८८३ चे आहे. या मैदानांवर मालक, प्रशिक्षक व जॉकी यांच्याबरोबरच मोतद्दार, नालबंद, तिकीट-खिडकीवरील कारकून अशा अनेकांचा चरितार्थ चालत आला. स्वार जायबंदी झाला किंवा मोतद्दार अंथरुणास खिळला, तर त्याच्या कुटुंबास आधार कोणाचा, हा प्रश्न या व्यवसायाइतकाच जुना आहे.

इंग्लंडमध्ये त्याचे पहिले उत्तर दातृत्वाने दिले. १८४४ च्या डर्बी शर्यतीत तीन वर्षांच्या घोड्याऐवजी चार वर्षांचा घोडा धावविल्याची लबाडी लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी उघडकीस आणली. त्याबद्दल चाहत्यांनी जमविलेली रक्कम त्यांनी स्वतःसाठी न स्वीकारता प्रशिक्षक व जॉकी यांच्या निराधार कुटुंबीयांच्या निधीस दिली. पुढे ब्रुकशॉ व फॅरेल या दोन जॉकींना अपघातांत कायमचे अपंगत्व आले, तेव्हा १८६४ नव्हे, तर तब्बल १२० वर्षांनी, १९६४ मध्ये, जखमी जॉकींसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. दोन्ही प्रसंगी मदतीस चालना मिळाली ती विशिष्ट घटनेमुळे; आणि मदतीचे वर्तुळ प्रामुख्याने प्रशिक्षक व जॉकी यांच्याभोवतीच राहिले.

भारतात या प्रश्नास निराळे वळण लागले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यान्वये मालक व कामगार या दोघांच्याही वर्गणीतून आजारपण, प्रसूती, अपंगत्व व अवलंबितांचे पोषण यांची तरतूद करण्यात आली. परस्परसाहाय्याचेच तत्त्व येथे कायद्याच्या रूपाने अवतरले आहे. १९७८ मध्ये महाराष्ट्रात हा कायदा दुकानांस लागू करण्यात आला. परंतु शर्यतीच्या क्लबास ‘दुकान’ म्हणता येईल काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंगलोर टर्फ क्लबच्या प्रकरणात याचे उत्तर होकारार्थी दिले. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या प्रकरणात, २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाने केवळ शर्यतीच्या दिवसांपुरते नेमलेले नैमित्तिक कामगारही विम्यास पात्र ठरविले.

या निर्णयाचे महत्त्व रकमेपेक्षा तत्त्वात अधिक आहे. दिवसापुरता येणारा कामगार दात्याच्या नजरेस क्वचितच पडतो. वर्गणीच्या वहीत मात्र त्याचे नाव लागते. तथापि मोतद्दार हा सामान्यतः क्लबचा नव्हे, तर प्रशिक्षकाचा नोकर असतो. त्यामुळे क्लबविषयीच्या निर्णयाने त्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. पहाटे घोड्यास खरारा करणाऱ्या त्या हातांपर्यंत हक्क पोहोचणे, हीच या इतिहासाची खरी कसोटी होय.