आणखी काढा

पहाटे २ ते ३ : माउंट व्हर्नन, व्हर्जिनिया. १४ डिसेंबर १७९९. जॉर्ज वॉशिंग्टन पत्नीला जागं करतात. परवा बर्फापावसात घोड्यावरून मळे पाहत हिंडले, काल घसा धरला, आता श्वास घेता येईनासा झालाय. वय ६७. मार्थाबाई माणसं बोलवायला उठू पाहतात, तर हे त्यांनाच अडवतात : गारठा बाधेल.

उजाडल्यावर : डॉक्टर येईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून मळ्यावरचा मुकादम रॉलिन्स हजर. गड्यांची शीर तोडायचा त्याचा सराव, पण आज त्याचा धीर सुटलाय. घाबरू नकोस, वॉशिंग्टन कसंबसं सांगतात. वर छेद लहान झाला अशी तक्रारही. कोपराच्या खोबणीतली शीर कातडीच्या अगदी खाली असते. वरून दंड आवळला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि ती टचकन फुगते. धमनी असती तर चिळकांडी उडाली असती. शिरेत दाब थोडा, म्हणून धार संथ. पुरे करा, असं मार्थाबाई विनवतात. वॉशिंग्टन हात वर करून थांबवणाऱ्यालाच थांबवतात : आणखी.

डॉक्टरांच्या नोंदीत हे १२ ते १४ औंस, म्हणजे आजच्या रक्तदानाची एक पिशवी. एवढं शरीर सहज सोसतं.

सकाळी ९ च्या सुमारास : जुने स्नेही डॉ. जेम्स क्रेक येतात. गळ्यावर फोड आणणारा लेप, आणि पुन्हा शीर.

सकाळी ११ : पुन्हा.

आता आत काय चाललं असेल? रक्त घटलं की मानेतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींना दाब उतरल्याचं कळतं. हृदय धावू लागतं. कातडीच्या, आतड्यांच्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात आणि उरलेलं रक्त मेंदूसाठी, हृदयासाठी राखलं जातं. माणूस पांढरा पडतो, हातपाय गार होतात, पण शुद्धीवर राहतो. घरात खडखडाट आणि ओटीवर पाहुणचार चालू, असा हा प्रकार. त्यात घसा सुजून हवेची वाट चिंचोळी झालेली (आजच्या पुष्कळ डॉक्टरांच्या मते श्वासनळीवरची झडप सुजली होती), आणि जी थोडी हवा आत जाते, तिच्यातला प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाडग्यात.

रक्त फिरतं, तेच तेच पुन्हा येतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ सालीच मोजून दाखवलं होतं. या डॉक्टरांना ते पाठ होतं. पण उपचार अजून हार्वेच्या आधीचे. आपण हसायचं कारण नाही. जळवा आणि तुंबड्या आपल्याकडेही सुश्रुताच्या काळापासून आहेत.

दुपारी ३ : डॉ. एलिशा डिक आणि डॉ. गुस्टाव्हस ब्राउन. तिघांत तरुण डिक. त्यांचं म्हणणं, यांच्या अंगात ताकद हवी, रक्त काढून ती जाईल. त्यापेक्षा श्वासनळीला छेद द्या. थोरल्यांनी ऐकलं नाही. ३२ औंस, जवळजवळ एक लिटर. सेक्रेटरी टोबायस लिअर टिपून ठेवतो : रक्त फार हळू येतंय, दाट आहे, भोवळ मात्र आली नाही. हळू येणारच, आवळलेल्या, रित्या होत चाललेल्या वाहिन्यांतून धार कुठून येणार? सकाळपासूनची बेरीज पुढे अडीच लिटरच्या आसपास धरली गेली, म्हणजे अंगातल्या रक्ताचा तिसऱ्या हिश्शाहूनही मोठा भाग.

४॥ : दोन मृत्युपत्रं मागवतात, एक जाळायला सांगतात.

रात्री ८ : पायांना लेप.

रात्री १० : तीन दिवस उलटल्याशिवाय पुरू नका, एवढं लिअरकडून वदवून घेतात. थोड्या वेळानं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतात आणि स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहतात. चेहरा बदलतो. हात मनगटावरून गळून पडतो.

नंतर : डॉ. विल्यम थॉर्नटन पोचले, तेव्हा देह गारठून कडक झाला होता. त्यांनी सुचवलं, हळूहळू ऊब द्यावी, श्वासनळी उघडून हवा भरावी आणि कोकराचं रक्त घालावं. कुणी दुजोरा दिला नाही.