दाहक आंत्रविकार आणि भारतातील आरोग्यविमा : एक ऐतिहासिक मागोवा (१९८६ ते २०२४)

प्रस्तावना

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दाहक आंत्रविकाराचे दोन प्रमुख प्रकार होत. हा विकार बहुधा तरुण वयात जडतो, कमी-अधिक होत राहतो आणि जन्मभर टिकतो. त्याचा खर्चही जन्मभराचा असतो. या खर्चात आरोग्यविम्याने रुग्णास कितपत आधार दिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मेडिक्लेमची चौकट

सार्वजनिक क्षेत्रातील चार विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम योजना सुरू केली. किमान २४ तास रुग्णालयात दाखल होणे आणि आधीपासून असलेला आजार वगळणे, या तिच्या दोन मुख्य अटी होत्या. लागलेल्या आगीचा विमा उतरवता येत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. अपघात वा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया या चौकटीत सहज बसत असे. वर्षानुवर्षे घरी घ्यावयाची औषधे मात्र तिच्याबाहेर राहिली.

२०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे

सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने अपवादांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या इंजेक्शनांसह आधुनिक उपचार वगळण्यास त्यांनी मनाई केली. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळालेले इन्फ्लिक्झिमॅब हे याच वर्गातील औषध होय. परंतु जे १६ आजार विमेदाराच्या संमतीने कायमचे वगळण्याची मुभा कंपन्यांना देण्यात आली, त्यांत दाहक आंत्रविकाराचाही समावेश होता. एरवी ज्यांना विमाच नाकारला जाई, त्यांना निदान अन्य आजारांसाठी तो मिळावा, हा त्यामागील हेतू होता. पॉलिसी घेतल्यानंतर जडलेला आजार वगळण्यास मात्र बंदी होती. परिणामी एकाच विकाराच्या दोन रुग्णांचे भवितव्य निदान आधी की पॉलिसी आधी, यावर अवलंबून राहिले.

समारोप

२०१८ च्या प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेने पात्र कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देताना पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट केले. २०२४ मध्ये खासगी विम्यातील अशा आजारांचा कमाल प्रतीक्षाकाळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. या दोन्ही सुधारणांनी काळाची अट शिथिल केली. रुग्णालयातील खाटेची अट मात्र मूलतः कायम राहिली. ज्या रुग्णाचे रुग्णालयात जाणे नियमित औषधांमुळेच टळते, त्याच्या औषधांचा भार त्याच्याच शिरावर राहतो, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.