रिकाम्या जागेतलं तांबं

साखरखेर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाला इथे हरवलं आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. माझ्या दुकानाच्या माळ्यावरचा इतिहास त्यापुढे कालचा. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो; मेलेले बोर्ड टाकवत नाहीत म्हणून साठत गेले. भंगारवाला आला की विचारतोच, "भाऊ, याच्यात तांबं किती निघते?" फार नाही निघत. बोर्डावरचा तांब्याचा पत्रा असतो साधारण ३५ मायक्रॉन जाडीचा. वीतभराहून लहान, दहा बाय दहा सेंटीमीटरचा बोर्ड घेतला आणि एका बाजूचं तांबं सगळंच्या सगळं राहिलं, तरी जेमतेम तीन ग्रॅम.

पण जिथून करंट जातच नाही तिथेही तांबं ठेवलेलं असतं, आणि त्याची कारणं दर पिढीत बदलत गेली.

पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू अभियंता नाझींच्या काळात लंडनला आला. छपाईचा धंदा त्याला ठाऊक होता. १९३६ च्या सुमारास त्याने छापील सर्किटचा रेडिओ बनवला आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी: तांब्याचा पत्रा चिकटवायचा, हवी तेवढी नक्षी झाकायची, बाकीचं रसायनाने खाऊन टाकायचं. यात खर्च होतो तो काढून टाकायच्या तांब्यावर. ते तीन ग्रॅम विरघळवायला सुमारे सोळा ग्रॅम निर्जल फेरिक क्लोराईड लागतं. बाजारातली पिवळी ढेकळं पाणी धरलेली, म्हणून ती त्याहून जास्त लागतात.

हे गणित मला पुस्तकाआधी घमेल्याने शिकवलं. व्होल्टेज खालीवर व्हायचं, स्टॅबिलायझरला मागणी होती, बोर्ड आम्हीच करायचो. कोऱ्या शीटवर ऑइल पेंटने पट्ट्या ओढायच्या आणि प्लास्टिकच्या घमेल्यात शीट हलवत बसायचं. शर्टावर पडलेला पिवळा डाग जन्मात निघत नाही. बारीक पट्ट्या ओढल्या तर द्रावण लवकर मरायचं. मग पट्ट्या जाड केल्या, मधल्या जागा रंगवूनच टाकल्या. फक्त दोन पट्ट्यांमध्ये फट उरेल एवढं पाहिलं. ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीचे तपकिरी कागदी बोर्ड बघा, तिथेही तेच. रुंद तांबं, मध्ये नाल्यांसारख्या फटी. त्या तांब्याचा अर्थिंगला आणि उष्णता पसरवायलाही उपयोग व्हायचा, पण द्रावणाची बचत हे कारण कमी नव्हतं.

१९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला, पुढे बोर्डही बदलले. कारखान्यात बोर्ड वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून जातो. तिथे तांब्याचा मोठा सलग पत्रा तापला की खालचा वायू कोंडून फुगे यायचे. म्हणून त्याची जाळी केली जायची. आमच्या धंद्यातले काही जण ती शोभेची समजत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्वित्झर्लंडच्या मदतीने उभ्या राहिलेल्या केंद्राच्या मालिकेत वॉल्टर बॉसहार्ट यांचं बोर्डांवरचं इंग्रजी पुस्तक १९८३ मध्ये निघालं. मराठीत असं एकही माझ्या हाती आलं नाही, ही खंत आहे.

आता सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर यांचे हिरवे बोर्ड. यात भोकांच्या आतल्या भिंतीवरही तांबं चढवावं लागतं, साधारण २० ते २५ मायक्रॉन. ते वीज सोडलेल्या द्रावणाच्या हौदात चढतं, आणि वीज एकट्या पट्टीवर गर्दी करते. मोकळ्या कोपऱ्यातल्या एकाकी पट्टीवर तांबं जाड बसतं, दाटीच्या जागी पातळ. ही गर्दी फोडायला मोकळ्या जागेत ठिपके किंवा चौकोन छापतात, कशालाच न जोडलेले. कारखान्यात याला कॉपर थीविंग म्हणतात. ते जादा वीज स्वतःकडे ओढून घेतात आणि बाकीच्या पट्ट्या सारख्या जाड होतात. अनेक बोर्ड एकत्र असलेल्या मोठ्या शीटच्या, म्हणजे पॅनलच्या, कडेच्या पट्टीवरही ते असतात. ती पट्टी शेवटी तोडून टाकतात, म्हणून आपल्या हाती येत नाही.

दुसरं कारण वाकण्याचं. एका बाजूला तांबं भरपूर, दुसरीकडे तुटपुंजं असेल तर तापल्यावर बोर्ड वाकतो. वर चिकटवायच्या बारीक भागांच्या बोर्डाला ०.७५ टक्क्यापर्यंतच वाक चालतो, भोकातल्या पायांच्या बोर्डाला दीड टक्का. तांबं वाढवून ते सावरणं स्वस्त पडतं.

म्हणजे आधी रसायन वाचवायला तांबं राखलं, आता हौद सांभाळायला मुद्दाम वाढवतात. मला विचाराल तर बोर्ड बनवणाऱ्याची खरी अक्कल या रिकाम्या जागेत दिसते. सर्किट तर कोणीही उतरवून घेईल.

दुरुस्ती शिकणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो: ठिपक्यांना अर्थिंग समजून वायर लावू नका. आधी मल्टिमीटरची बीप ऐका. बहुतेक वेळा ती वाजणार नाही.