कोंबडीला अंघोळ घालायची का? आणि घालायचीच असेल तर कशी?

कोमट पाण्याच्या टबात बसून डोळे मिटणारी कोंबडी तुम्हीही रील्समध्ये पाहिली असेल. ते पाहून हौसेनं गावरान किंवा कडकनाथ पाळणाऱ्यांना वाटतं, आपल्या कोंबडीलाही अशी अंघोळ घालावी. पण जरा थांबा. निरोगी कोंबडीला पाण्याच्या अंघोळीची गरज क्वचितच पडते. आणि चूक झाली तर ते तिच्या जिवावर बेतू शकतं.

मग कोंबडी स्वच्छ कशी राहते?

मातीनं! कोंबडी कोरड्या मातीत खड्डा करून लोळते, पिसांत माती उडवून घेते आणि नंतर अंग झटकते. यामुळे पिसांवरचं जास्तीचं तेल निघतं आणि उवांसारखे कीटकही कमी होतात. म्हणून तिला एका पसरट घमेल्यात कोरडी माती, वाळू आणि थोडी चाळलेली लाकडाची राख द्या. पावसाळ्यात हे घमेलं छपराखाली ठेवा.

पाणी कधी वापरायचं?

शेपटीखालच्या पिसांना विष्ठा चिकटून वाळली असेल किंवा अंगाला चिखल, तेल लागलं असेल तेव्हा. चिकटलेल्या विष्ठेवर माश्या अंडी घालतात आणि त्यातून निघालेल्या अळ्या कोंबडीची कातडी पोखरतात. अळ्या दिसल्या तर लगेच पशुवैद्यकाकडे न्या. घाण तेवढ्याच भागात असेल, तर तेवढाच भाग धुवा.

आजारी, अशक्त कोंबडीला आणि पिल्लांना अंघोळ घालू नका. पिल्लाच्या शेपटीखाली विष्ठा चिकटली असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं ती हळूच काढा आणि लगेच कोरडं करा.

खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुचकळायची पद्धत अनेक घरांत आहे. पण खुडूकपणा शरीरातल्या हार्मोन्समुळे येतो. बुचकळल्यानं कोंबडी घाबरते आणि गारठते, म्हणून ते टाळलेलंच बरं.

अंघोळ कशी घालायची?

१. उन्हाची, वारा नसलेली सकाळ निवडा. टॉवेल आधीच जवळ ठेवा.

२. टबात कोंबडीच्या पोटापर्यंतच कोमट पाणी घ्या. मनगटाला गरम लागता कामा नये.

३. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला हळूहळू पाण्यात उतरवा. छाती दाबू नका. आपल्यासारखा श्वासपटल कोंबडीला नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं, तेव्हाच तिला श्वास घेता येतो. पाय धरून उलटं लटकवू नका.

४. वाळलेली घाण ओढू नका. काही मिनिटं भिजू द्या, आपोआप सुटेल.

५. लहान बाळांचा सौम्य शॅम्पू थेंबभर पुरे. पिसांच्या दिशेनं हात फिरवा, उलट चोळू नका.

६. डोक्यावर पाणी ओतू नका. चेहरा ओल्या कापडानं पुसा. शेवटी स्वच्छ कोमट पाण्यानं साबण पूर्ण काढा.

खरी काळजी अंघोळीनंतर

कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं. पिसांमध्ये अडकलेली हवा ही ऊब टिकवते. पिसं भिजली की ही हवा निघून जाते आणि कोंबडी झपाट्यानं गारठते. त्यामुळे टॉवेलनं टिपून घ्या. हेअर ड्रायर कमी तापमानावर, लांबून आणि सतत हलवत वापरा. वरची पिसं कोरडी वाटली, तरी आतला मऊ थर ओला असू शकतो. बोटांनी पिसं बाजूला करून बघा. पूर्ण वाळल्याशिवाय तिला खुराड्यात सोडू नका.

ती शांत बसली, म्हणजे तिला आवडलं का?

तसं असेलच असं नाही. खूप घाबरलेली कोंबडी कधी कधी अंग सैल सोडून निपचित पडते. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल किंवा मान टाकत असेल, तर अंघोळ तिथेच थांबवा.

तुमचीही काळजी घ्या

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे स्वयंपाकघरातलं सिंक किंवा भांडी वापरू नका आणि नंतर साबणानं हात धुवा. लहान मुलांना कोंबडीचे पापे घेऊ देऊ नका. कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्यांना हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शेपटीखालची जागा पुन्हा पुन्हा खराब होत असेल, तर जुलाब किंवा जंत हे कारण असू शकतं. अशा वेळी तिला दुसऱ्या अंघोळीची नाही, तर उपचारांची गरज असते.