मूक 'पी' आणि गारगोटीची धूळ

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजी कोशांतला हा ४५ अक्षरी शब्द शाळकरी वयात मी पाठ केला होता आणि सुरुवातीचा 'पी' मोठ्या ऐटीत उच्चारत असे. इंग्रजीत तो मूक आहे, हे फार उशिरा कळले. प्राचीन ग्रीक मात्र तो उच्चारत. तेव्हा माझी चूक निदान खानदानी तरी होती!

बाणभट्टाचे समास सोडवणाऱ्याला याचा विग्रह अवघड नाही. ग्रीक 'न्यूमोन' म्हणजे फुप्फुस, लॅटिन 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. पुढे सूक्ष्मदर्शक, मग 'सिलेक्स' म्हणजे गारगोटी, रोमनांचा अग्निदेव व्हल्कन याच्यावरून ज्वालामुखी, 'कोनिस' म्हणजे धूळ आणि शेवटी रोगवाचक प्रत्यय. थोडक्यात, ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकाधुळीने होणारा फुप्फुसविकार.

पण हा शब्द कुणा वैद्याने घडवलेला नाही. २२ फेब्रुवारी १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात नॅशनल पझलर्स लीग या कोडेबाजांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तिथे तो मांडला आणि दुसऱ्या दिवशी 'हेरल्ड ट्रिब्यून'ने छापला. तेव्हा 'कोनिओसिस'चे स्पेलिंग 'के'ने होते. पुढे लॅटिन वळणाचा 'सी' रूढ झाला. ऑक्सफर्डच्या कोशाने शब्द घेतला, पण तो मुख्यतः लांबीचा नमुना म्हणूनच वापरला जातो, अशी पुस्तीही जोडली. डॉक्टरांचे काम 'सिलिकोसिस'वर भागते.

खेळ म्हणून तो सोडून दिला असता. साल मात्र सोडवेना. १९३०-३१मध्ये त्याच अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट इथे, नदीचे पाणी वीजकेंद्राकडे वळवण्यासाठी डोंगरातून सुमारे तीन मैलांचा बोगदा खोदला गेला. खडक सिलिकाने गच्च भरलेला. पाणी न मारता कोरडेच छिद्रण चाले आणि मजुरांच्या तोंडावर साधी मुखपट्टीही नसे. आत राबणारे बहुतेक दक्षिणेतून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय. काही महिन्यांतच माणसे धाप लागून मरू लागली. कोडेबाजांचे अधिवेशन भरले, तेव्हा तिथले रोगी अजून मरतच होते. जानेवारी १९३६मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने साक्षी घेतल्या. मार्टिन चर्नियाक या डॉक्टरांनी १९८६मध्ये बळींचा अंदाज ७६४ असा मांडला.

या डोंगरात ज्वालामुखी कुठेच नव्हता. समासातली बाकीची पदे मात्र एकेक करून लागू पडत होती. तरीही अनेकांच्या मृत्यूच्या नोंदीत सिलिकाचे नाव आले नाही. कारण म्हणून लिहिला गेला 'न्यूमोनिया'. म्हणजे लांबलचक शब्दाचे केवळ पहिले पद, त्याच मूक 'पी'सह.