डेक की केबिन?

मंडळी, आजचा विषय समुद्र. मी पक्का जालन्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव आणि कुंडलिका नदी, आणि ही दोन्ही उन्हाळ्यात कशी दिसतात ते जालनेकरांना सांगायला नको. तेव्हा कोकणातल्या वाचकांनी "हा कोण आम्हाला समुद्र शिकवणार" म्हणून लगेच टॅब बंद करू नये. आमच्या जिल्ह्याचा आणि कोकणच्या बोटींचा एक जुना संबंध आहे. त्याच्यावर येतोच.

तर झालंय असं, की घरात दीड महिन्यापासून क्रूझ हा शब्द चालू आहे. जायचं यावर एकमत. कसं जायचं यावर दोन पार्ट्या. बायकोचं म्हणणं, जायचं तर नीट जायचं, पाच वर्षांतून एकदा, पण बाल्कनीवाला स्वीट. माझं म्हणणं, दर वर्षी दोन रात्री जाऊ, सगळ्यात स्वस्त आतली केबिन घेऊ (हिला खिडकीसुद्धा नसते बरं का!), आणि उरलेला वेळ डेकवर काढू. एक्सेल शीटमध्ये पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखीच येते, त्यामुळे एक्सेल निकाल देत नाही. मग मी कोड अडकल्यावर करतो तेच केलं. हा प्रॉब्लेम आपल्या आधी कुणाला तरी आलाच असणार, त्याने काय केलं ते बघू.

आलेला आहे. आपल्याच किनाऱ्यावर, शंभर वर्षं आला.

मुंबईहून कोकण आणि गोव्याकडे आगबोटी एकोणिसाव्या शतकापासून जायच्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी. रस्ता धड नाही, रेल्वे नाही (कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती थेट १९९८ साली), त्यामुळे गिरणीतला, गोदीतला कोकणी माणूस गावाला जाणार तो बोटीनेच. पावसाळ्यात बोटी बंद. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही, ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावातून उतरायचं. बोटीवर वरच्या वर्गाच्या केबिनी होत्या. पण बहुतेक लोक डेकचे. वळकटी पसरायची, ती पसरली तेवढी आपली जागा. खालच्या डेकवर इंजिनाची धग, वरच्या डेकवर वारा, आणि समुद्र खवळला की दोन्हीकडे उलट्या.

आता चाकरमान्याने "पाच वर्षं थांबतो आणि मग केबिनने जातो" असा हिशोब केला असता का? शक्यच नाही. त्याची बायको-पोरं गावाला होती. त्याला बोट नको होती, गाव हवं होतं. दर वर्षी, जमलं तर वर्षातून दोनदा. भाडं जेवढं कमी तेवढ्या खेपा जास्त. मला वाटतं आपल्या सगळ्या चर्चेत हा मुद्दा हरवतो. आपण बोटीसाठी बोटीत बसतो. तो पोचण्यासाठी बसायचा.

कंपन्यांना मात्र हे पक्कं ठाऊक होतं. बोटधंद्यातली मोठी भांडणं केबिनवरून नाही, डेकवरून झाली. १९०६ साली चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिनला स्वदेशी बोट कंपनी काढली आणि कोलंबोच्या मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीशी टक्कर घेतली. ब्रिटिश कंपनीने काय करावं? भाडं उतरवत उतरवत शेवटी फुकट न्यायला सुरुवात केली, आणि वर प्रवाशाला एक छत्री भेट! (आपल्या अ‍ॅपवाल्यांच्या कॅशबॅकचे पणजोबा.) १९०८ मध्ये पिल्लै राजद्रोहाखाली तुरुंगात गेले आणि पुढे कंपनीही बुडाली. पण स्वदेशीच्या लाटेत आपल्या किनाऱ्यावरही अशीच कंपनी उभी राहिली. तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण लोक तिला "माझी आगबोट कंपनी" म्हणायचे. काय नाव आहे! आज कुठल्या कंपनीला ग्राहक "माझी" म्हणतील?

बोटींची नावंही आपली. तुकाराम, जयंती, सेंट अँथनी. आणि रामदास.

इथे जालना येतं. समर्थ रामदास मूळचे आमच्या जिल्ह्यातल्या जांबचे. घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ म्हणून गाव आहे, तिथे ठोसरांच्या घरात १६०८ च्या रामनवमीला त्यांचा जन्म झाला. बोहल्यावर "सावधान" ऐकून पळाले ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, गाव मात्र फार थोड्यांना. तर समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावातल्या माणसाचं नाव १९३६ साली बांधलेल्या एका आगबोटीवर गेलं. आणि त्या बोटीमुळेच ते नाव कोकणात एका वेगळ्या आठवणीशी कायमचं जोडलं गेलं.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना राहिलेला. आषाढ अमावस्या. रामदास बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर दीड-दोन तासांचं. लांबचा प्रवास नव्हे, आपण हिंजवडीहून घरी पोचतो तसलाच रोजचा प्रकार. सणाला घरी निघालेली अलिबागकडची माणसं होती. काश्याच्या खडकाजवळ वादळात सापडून बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सकाळी बोट बुडाली आणि मुंबईला पत्ता लागायला दुपार उलटून गेली. जी थोडी वाचली त्यातल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी ओढून काढलं. त्यांच्या होड्या मासळी घेऊन मुंबईला निघाल्या होत्या, ती मासळी त्यांनी पाण्यात टाकली आणि माणसं भरली.

त्याआधी वीस वर्षं, ११ नोव्हेंबर १९२७ ला, जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच वादळात गेल्या होत्या.

हे वाचल्यावर "दर वर्षी, स्वस्तात, डेकवर" असलं माझं वाक्य मलाच जरा हलकं वाटायला लागलं. डेकचा माणूस कमी पैसे देत होता, उरलेली किंमत जिवावरच्या जोखमीची होती. आजच्या क्रूझची आतली केबिन तशी नाही, बोट तीच, कॅप्टन तोच, लाइफबोटही तीच. म्हणजे त्या काळच्या डेकशी तिची तुलना मी करतोय ती अर्धीच खरी आहे. पण मग आतली केबिन नक्की स्वस्त कशाने असते?

याचं उत्तर एका इंजिनियरने दिलंय. ज्यूल ड्युपुई नावाचा फ्रेंच माणूस, रस्ते-पूल बांधणारा. तेव्हा फ्रान्समध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं. लोक म्हणायचे कंपनी चिक्कू आहे. १८४९ साली ड्युपुईने लिहिलं की छपराचा खर्च हा मुद्दाच नाही. गरिबाला त्रास द्यायचा म्हणूनही हे केलेलं नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, त्याला धाक बसावा, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम वाईट ठेवलाय! सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. फ्री व्हर्जनमधलं एखादं फीचर बंद ठेवायला आपण जास्तीची एक ओळ लिहितो ना, तेच ते. आपल्याकडचा रेल्वेचा तिसरा वर्ग असाच वर्षानुवर्षं राहिला. गांधीजींनी १९१७ साली त्याच्यावर लिहिलं आणि तो कागदोपत्री बंद झाला तो १९७४ साली. आमच्या जालन्यावरून जाणारी निजामाची मीटरगेज गाडी याच तिसऱ्या वर्गाच्या लोकांनी भरलेली असायची, हे वेगळं सांगायला नको.

पण या गोष्टीला पुढे एक गंमतशीर वळण आहे. अटलांटिकवरच्या मोठ्या जहाजांचा धंदाही युरोपातून अमेरिकेला निघालेल्या गरिबांवर चालायचा. १९२१ आणि १९२४ मध्ये अमेरिकेने कायदे करून हा लोंढा अडवला. जहाजांचे खालचे मजले रिकामे. कंपन्यांनी काय केलं, त्याच जागा झाडूनपुसून, जरा रंग मारून "टुरिस्ट थर्ड" नावाने शिक्षकांना आणि कॉलेजच्या पोरांना विकल्या. पगारदार माणूस सुट्टीत जहाजाने फिरायला लागला तो इथून. थोडक्यात, आपण जी आतली केबिन बुक करतोय ती त्याच खालच्या मजल्याची नात.

२०२१ साली मुंबईहून कॉर्डेलिया सुरू झाली. तिच्या एम्प्रेस या जहाजाची कुंडली मी काढली. १९९० सालचं जहाज, मूळ नाव नॉर्डिक एम्प्रेस. आणि ते बांधलंच होतं तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी, मायामीहून बहामाला सारखं जाऊन यायला! हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जहाज तुझ्या पार्टीत." मी म्हटलं, हो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. मुंबई-गोवा मार्गावर १९९० च्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान आली, विमानासारख्या खुर्च्या वगैरे. ती काही वर्षांत गेली. मग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आंग्रिया आली, आंग्र्यांच्या नावाची. तिच्यात भारी खोल्या होत्या, आणि कमी पैशांत झोपायच्या जागाही होत्या. २०२० मध्ये कोविडने तिला थांबवलं. याच २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी रो-रो सुरू झाली. तासाभराचा प्रवास, दिवसातून अनेक खेपा. ती टिकली. कारण तिच्यात बसणाऱ्याला पलीकडे काहीतरी काम असतं. गंमत म्हणून येणारा गिऱ्हाईक पहिल्या संकटात गळतो, कामाचा गळत नाही.

आता घरचं.

आमच्या आजोबांनी पंढरीची वारी एकतीस वेळा केली. मुक्ताबाईंची पालखी जालन्यावरून जाते, तिच्याबरोबर चालायचे. खर्च काय, तर एक पिशवी, दोन धोतरं आणि वाटेत मिळेल ती भाकरी. आजीला काशीला जायचं होतं. आणि तिला ते नीट करायचं होतं. सगळ्या घरादाराला घेऊन जायचं, परत आल्यावर गंगापूजन, आणि मग अख्ख्या गल्लीला मावंदं घालायचं. मावंद्याशिवाय काशी केली तर लोक काय म्हणतील? एक वर्ष कापूस बरा झाला तर आत्याचं लग्न निघालं. एक वर्ष विहिरीचं काम. पैसे कधी काशीपुरते साठले तर मावंद्यापुरते साठले नाहीत. आजीच्या शेवटच्या वेळी तोंडात घातलं ते पाणी शेजारच्यांच्या काशीहून आलेल्या गडूतलं.

हे मी बायकोला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती थोडा वेळ शीटकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई-बाबांनी समुद्र बघितलाय का रे?" बाबांनी एकदा, ऑफिसच्या कामाने मुंबईला गेले होते तेव्हा चौपाटीवर. आईने नाही. बाबांचे गुडघे आत्ताच जिना चढताना बोलतात. पाच वर्षांनंतरच्या स्वीटला बाल्कनी असेल, पण तिथपर्यंत चालत कोण जाणार, हा कॉलम आमच्या शीटमध्ये नव्हताच.

डिसेंबरचं बुकिंग झालं. दोन रात्री, चार माणसं, दोन आतल्या केबिनी. स्वीटची ओळ बायकोने काढलेली नाही, हिरवा रंग देऊन खाली सरकवलीय. राहू दे.

बाबांना फोनवर सांगितलं. आधी नेहमीचं, "कशाला एवढा खर्च करायलास?" झालं. मग मी उत्साहात त्यांना जांबच्या रामदासांची आणि रामदास बोटीची गोष्ट सांगितली. (सांगायला नको होती, असं आई मागून म्हणत होती.) बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते गळ्यात घालायचं जॅकेट माणशी एक असतं का, ते आधी विचारून घे. तुझ्या आईला पोहता येत नाही."